उंबऱ्यागणिक पट्टी

शिजत्या हळदीचा वास ज्यानं घेतला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. मातीचा, पाचटाच्या धुराचा आणि मागून जरा कडसर असा तो वास चैत्रात आमच्या अख्ख्या गावावर पसरायचा. वाळत घातलेल्या लुगड्यांना यायचा, दुधाला यायचा, देवळातल्या समईच्या तेलालासुद्धा यायचा. आज सांगलीच्या पेठेतून जाताना कुठल्या तरी वखारीतून तो नाकाशी आला, की माझ्या कानात आधी मृदंग वाजतो. कारण आमच्याकडं हळद शिजायची तेव्हाच रामनवमीचा सप्ता बसायचा. दोन्ही एकमेकांत इतके मिसळलेले की मला रामाचा जन्म हळदीच्या वासाशिवाय आठवतच नाही.

मी मूळची वडूजकडची. आमच्या मुलखात पाण्याची ओढ, पण कीर्तनाची चंगळ. बुवा कुठल्याही गावचे असोत, आमचा बाप दोन-तीन कोस चालत जायचा आणि मला संगं न्यायचा. मला बघायला आले तेव्हा पाहुण्यांनी, काय विचारायचं असेल तर विचार पोरी, असं म्हटलं. मी मान खाली घालून विचारलं, तुमच्या गावात सप्ता बसतो का. सगळी बैठक हसली. मामंजी तेवढे हसले नाहीत. म्हणाले, बसतो, आणि पंचांत मी आहे. तिथंच माझं लग्न ठरलं असं मी धरून चालते.

मामंजींचं नाव सयाजी. कृष्णाकाठी ऊस, हळद, दारात बैलजोडी आणि देवळात शब्दाला वजन. आमच्या आत्याबाई म्हणजे सासूबाई, बनुबाई. शेतावरच्या बायांचा रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, संध्याकाळी त्या आपल्या हातानं वाटायच्या. कमरेला पैशाची चंची, खळ्याच्या कडेला बाजलं, आणि बाजल्यावर आत्याबाई. आणि आमचे हे, लालासाहेब, पलटणीत होते. मी सांगते त्या वर्षी ते दोन महिन्यांच्या रजेवर घरी आले होते. दुष्काळ सरून वरीस होत आलं होतं. खडी फोडायच्या कामावर गेलेली माणसं परत गावात आली होती, पण अंगावरचं मांस अजून परतलं नव्हतं.

आता सप्त्याची रीत सांगते. सात दिवस देवळात वीणा खाली ठेवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, असा पहारा चालतो. जो उभा त्याच्या तोंडी नाम. सप्त्याचा खर्च निघायचा पट्टीतून, आणि पट्टी होती उंबऱ्यागणिक. म्हणजे ज्याच्या दारात दोन बैलजोड्या त्यालाही पाच रुपये आणि ज्याच्या दारात कोंबडीसुद्धा नाही त्यालाही पाच रुपये. देवापुढं सगळे सारखे, म्हणून पट्टी सारखी, असं जुनी माणसं सांगायची. पट्टी भरली त्या घरालाच पहारा मिळायचा. तीन वर्षं लागोपाठ पट्टी चुकली, तर त्या घराचा पहारा दुसऱ्या उंबऱ्याकडं जायचा, कायमचा.

सगळ्यांत मानाचा पहारा रामजन्माचा. तो होता अर्जुनाच्या घरात. अर्जुना आमच्या भट्टीवरचा माणूस. काहिलीत, त्या थोरल्या कढईत, हळद कधी शिजली हे काडी टोचायच्या आधी त्याला वाफेवरनं कळायचं. त्याचे हात मनगटापर्यंत बारमाही पिवळे. हा मान त्याच्या आज्यानं मिळवलेला. कुठल्या तरी जुन्या सालात तापाची साथ आली, सप्त्यात एकेक माणूस आडवा झाला, आणि आजा एक दिवस एक रात्र एकटा वीणा घेऊन उभा राहिला. वीणा भुईला लागू दिली नाही. तेव्हापासून रामजन्माला वीणा त्या घराच्या गळ्यात.

दुष्काळाची दोन वर्षं अर्जुनाची पट्टी चुकली होती. हे तिसरं.

अर्जुनाची बायको हरणाबाई आमच्या खळ्यावर बायांच्या टोळीची म्होरकी होती. उंच, काळीसावळी, आणि गळा असा की रामजन्माचा पाळणा तिनंच उचलायचा. गड्डे आणि हळकुंडं मोडून वेगळी करायचं काम चाललं होतं तेव्हा मी तिच्याजवळ जाऊन बसले. पहाऱ्याचं मीच काढलं. ती हातातलं हळकुंड मोडत मोडत बोलली. पदराच्या गाठीला तिनं पट्टीसाठी थोडं थोडं बांधून ठेवलं होतं, पण दीड रुपया रोजात सकाळची भाकरी झाली की संध्याकाळच्या कालवणाला उरत नव्हतं, आणि गाठ काही भरत नव्हती.

मी म्हटलं, मामंजी तर पंचांत माफीचं काढणार आहेत, मग घोर कसला.

तिनं माझ्याकडं पाहिलं. "वैनी, आमास्नी ना जमीन, ना जनावर. उद्या लेकीला बघाया येतील. घर कुणाचं म्हणून इचारतील, तर रामजन्माच्या पहाऱ्याचं, एवढंच सांगाया हाय. माफीचा पहारा म्हंजे उसनं कुकू. ते लावून कुठं मिरवावं?"

मी तिच्या हातांकडं बघितलं. मोडलेल्या हळकुंडाचा ओला केशरी रंग तिच्या नखात भरला होता.

माफीचं खरंच निघालं होतं. गावात पट्टी थकलेली घरं बरीच झाली होती, आणि मामंजी मनानं मऊ माणूस. त्यांनी पंचांत सांगितलं की गरीब उंबऱ्यांची पट्टी ह्या साली सोडून देऊ, खर्चाचं आपण शेतकरी बघून घेऊ. आमचे हे तिथं मागं खांबाला टेकून बसले होते. त्यांनी मध्येच सांगितलं की सरकारनं शेतमजुरीचा दर बांधून दिल्याचं पेपरात आलंय, तो द्या, मग माफी कुणाला लागणार नाही. देवळात एकदम खोकले सुरू झाले. पंचांत पोरानं बोलायची रीत नव्हती, आणि बापाच्या उलटं तर नव्हतीच. त्या दिवशी पंच काही न ठरवता उठले. वाद तिथून जो उठला तो आमच्या चुलीपुढं येऊन बसला.

रोज जेवताना तेच. मी भाकरी थापतेय आणि पाठीमागं बापलेकांचं चाललंय. मामंजींचं म्हणणं, पट्टी सोडली की गरिबांच्या पदरचं जायचं ते वाचतं, आणि कुणाचं कुणाशी वाकडं येत नाही. ह्यांचं म्हणणं, पट्टी वरसातून एकदा, चूल रोज पेटते. मामंजी म्हणायचे, सांगलीत रुमालाखाली बोटं दाबून माझ्या हळदीचा भाव ठरतो, तो मला इचारून ठरत नाही, मग मी मजुरी कागद वाचून कशी ठरवू? ह्या साली भाव बसला होता, ते खोटं नव्हतं.

"रोज वाढीवला तर आठ बाया लावतोय तिथं पाच लावीन," मामंजी एकदा म्हणाले. "उरल्या तिघींनी तुझ्या पलटणीत भरती व्हायचं का?"

"पलटणीत पगार ठरल्याला असतोय, आबा. सुभेदाराला देवधर्म आठवला म्हणून वाढत न्हाई आन इसारला म्हणून कमी व्हत न्हाई."

आत्याबाई दोघांच्या ताटात आमटी वाढून मोकळ्या. त्या कुणाच्याच बाजूनं नव्हत्या. हळद रखडायला नको, एवढंच त्यांचं.

मला मात्र जो बोलेल त्याचं पटायचं. देवळामागं धोंडुबाई राहायची. धनगराची म्हातारी, माणूस गेलेला, पोर ना बाळ, डोळ्यानं अधू. देवाच्या वाती वळायची. ती मला म्हणाली, "पोरी, रोज वाढला काय आन ऱ्हायला काय, मला कोण कामाला लावतंय? माफी झाली तर माझं पाच रुपयं वाचत्याल." मी तिच्याकडनं परत आले की मामंजींचं खरं वाटायचं. खळ्यावर हरणाबाईशेजारी बसले की ह्यांचं.

शेवटी पंचांनी माफीच ठरवली. ती सोपी होती. कुणाला आपलं काही मोडावं लागत नव्हतं.

नवमीच्या कीर्तनाला तासगावकडचे आकारामबुवा यायचे आणि आमच्या घरी उतरायचे. काय सांगू त्यांच्याबद्दल. अंगानं किडकिडीत, पण गादीवर उभे राहिले की छताला टेकल्यासारखे वाटायचे. आवाज भरड, तरी त्या भरडीतच गोडी. रामजन्म ते असा बांधत आणायचे की नेमका सूर्य डोक्यावर आला की शब्द जन्मावर यायचा, ना घटका अलीकडं ना पलीकडं. मी त्यांना हळद घालून ऊन दूध द्यायचे. ते पेला दोन्ही हातांत धरून, माऊली, घसा जिंकलास, म्हणायचे. त्या एका शब्दावर माझं वरीस निघायचं.

मामंजींनी त्यांच्या कानावर माफीचं घातलं. कीर्तनात सांगा, म्हणाले, लोकांना बरं वाटेल. बुवांना तर फारच बरं वाटलं. त्यांनी विचारलं, कुणाकुणाची माफ केली? मामंजींनी नावं सांगितली, बुवांनी ती ध्यानात ठेवली. देणगी देणाऱ्याचं नाव कीर्तनात घ्यायची रीत असते ना. कुणी नारळाचं पोतं दिलं, कुणी तेल दिलं, त्याचं नाव घेऊन बुवा आशीर्वाद देतात. बुवांच्या भल्या मनात आलं की माफी मिळाली त्यांनाही असाच आशीर्वाद द्यावा. मी तिथंच ओट्यावर होते. मलासुद्धा त्यात काही वावगं दिसलं नाही.

नवमीचा दिवस उजाडला. काहील भाड्याची, आणि पाळी नेमकी आमची आलेली, म्हणून मामंजींनी पहाटेच हळद शिजवून घेतली. अर्जुनानं शेवटची काहील उतरवली, खळ्यात वाफाळता ढीग केला, आणि नदीवर अंघोळीला गेला. बायांनी उन्हं वर येईपर्यंत राहिलेली मोडणी केली. जन्म झाला की प्रसाद घेऊन परत यायचं आणि ढीग पसरायचा, असं ठरलेलं. शिजलेली हळद ढिगात राहिली तर आतल्या आत घामेजते. रंग मरतो. रुमालाखालची बोटं मग त्या मालाला शिवत नाहीत.

देऊळ फुलून गेलं होतं. आंब्याचे डहाळे, पाळण्याला झेंडूच्या माळा. बुवांच्या मागं, वीणा घेऊन, पांढरं धुवट धोतर नेसून अर्जुना उभा. हात किती घासले तरी पिवळेच. बुवा रंगात आले होते. दशरथाच्या नगरीत कसं बिनघोर सुख होतं ते सांगत होते. जन्माला अजून थोडा वेळ होता. मग त्यांनी टाळ थांबवले आणि हसतमुखानं सांगितलं की आज तुमच्या गावातही रामराज्य आलंय, पंचांनी गरिबांची पट्टी माफ केलीय. आणि एकेक नाव घ्यायला लागले. धोंडुबाईचं नाव आलं, तिनं बसल्या जागी हात जोडले. दोन-तीन नावं झाली. मग आलं अर्जुनाचं.

बुवांची पाठ होती त्याच्याकडं. त्यांना काही दिसलं नाही. आम्हाला, समोर बसलेल्या बायकांना, सगळं दिसलं. तो हलला नाही, नामही थांबलं नाही त्याचं. फक्त तारेवरचं बोट तेवढं थांबलं. हरणाबाई माझ्या पुढच्याच रांगेत होती. तिचा डोक्यावरचा पदर तिनं आणखी पुढं ओढला.

मग सूर्य माथ्यावर आला. बुवांनी जन्म लावला, फुलं उधळली, शंख वाजला. आणि पाळणा उचलायची वेळ आली. सगळ्या बायका हरणाबाईकडं बघत राहिल्या. ती खाली बघत राहिली. रामाचा पाळणा हलतोय, दोरी मामंजींच्या हातात आणि गाणं नाही. आत्याबाईंनी माझ्या दंडाला चिमटा काढला. माझ्या माहेरचा एक पाळणा मला येत होता तो मी चुकतमाकत सुरू केला. बाकीच्यांनी सांभाळून घेतलं.

आरती झाली. पुढचा पहारा ज्ञानूचा, आमच्या शेजारच्या घरातला. तो अंघोळ करून ओल्यानं पुढं आला आणि वीणा घ्यायला त्यानं मान वाकवली.

"थांब गड्या," अर्जुना म्हणाला.

लोक प्रसादाला उठले होते ते उभ्यानंच थांबले. अर्जुनाचा आवाज मोठा नव्हता. तो मामंजींकडं बघून बोलला. "सयाजीआबा, माफी ह्यो तुमच्या मनाचा मोठेपणा. पर पहारा आमच्या आज्यानं उभं ऱ्हाऊन मिळीवलाय. पट्टी देवाच्या पायाशी पडू द्या, मग ईणा देतो. तवर मी हाय."

मामंजींचा चेहरा उतरला. त्यांनी खिशात हात घातला आणि म्हणाले, तुझी पट्टी मी भरतो, मग तर झालं?

अर्जुना हसला. खरंच हसला, टोमणा नव्हता त्यात. "मग पहारा बी तुमीच करा की, आबा."

तो परत नामाला लागला. ज्ञानू बाजूला जाऊन खांबाशी बसला. हरणाबाई उठली ती घरी न जाता नवऱ्याच्या समोर, भिंतीकडेला जाऊन बसली. तिच्याशेजारी खळ्यावरची लीलाबाई बसली. मग टोळीतल्या एकेक बाया. कुणी काही ठरवलं नव्हतं, निदान मला तरी दिसलं नाही. त्या नुसत्या बसल्या, आणि नामाला मागून साथ द्यायला लागल्या.

आत्याबाई आणि मी प्रसाद घेऊन खळ्यावर आलो. ढिगातून वाफ निघत होती. आत्याबाई बाजल्यावर बसल्या आणि वाट बघायला लागल्या. कुणी येईना. धोंडुबाई काठी टेकत आली आणि सांगून गेली की बाया देवळातच बसल्यात, कुणी उठायच्या नाहीत. आत्याबाईंनी ढिगात हात घातला. आतली हळकुंडं ओली, चिकट झाली होती. त्यांनी लुगड्याचा कासोटा आवळला आणि मला म्हणाल्या, चल.

आमचे हेही आले. त्यांनी पाट्या भरून द्यायच्या आणि आम्ही दोघींनी वाकून पसरायचं. एकेरी पसरायचं, हळकुंडावर हळकुंड नको. ढिगाच्या पोटात अजून कढ होता. दुपारचं चैत्राचं ऊन पाठीवर आणि खाली ती ऊन हळद. थोड्या वेळानं बोटांची आग सुरू झाली. मग पाठ. मग डोळ्यांपुढं पिवळंच पिवळं. मी तरणी होते तरी मला वाटलं की आता इथंच बसावं. आत्याबाईंनी किती वर्षांत खळ्यावर पाठ वाकवली नव्हती देव जाणे. पाट्या ओतायला हे थांबले की त्या मान वर करून बघायच्या, का थांबलास असं.

अर्धा ढीग पसरला तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या. दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडं बघत राहिल्या. तळवे हळदीनं माखलेले आणि हळदीखाली लालबुंद.

"ह्या कामाला मी दीड रुपाया देते व्हय गं," त्या म्हणाल्या.

हे काहीतरी बोलणार होते. मी डोळ्यांनी दटावलं. पलटणीतल्या माणसांना कुठं गप्प बसावं ते शिकवत नाहीत बहुतेक.

उरलेला ढीग आम्ही पसरला तेव्हा उन्हं कलली होती. आत्याबाईंनी हात धुतले नाहीत. चंची कमरेला खोचली आणि तशाच देवळाकडं निघाल्या. मी मागोमाग.

देवळात नाम चाललंच होतं. अर्जुनाच्या खांद्यावर वीणेच्या पट्ट्याचा वळ दिसत होता, पाय सुजल्यासारखे वाटत होते. आकारामबुवा गादीवरून उतरून त्याच्याशेजारी टाळ धरून उभे होते. त्यांना एव्हाना सगळं कळलं होतं, आणि त्यांचा तो उंच देह लहान झाल्यासारखा दिसत होता. मामंजी पंचांत बसले होते, तोंड कडू करून.

आत्याबाई भिंतीकडेला गेल्या, बायांच्या समोर खाली बसल्या आणि त्यांनी चंची उघडली. सकाळपासून मोडणी केलीत त्याचा रोज घ्या, म्हणाल्या. एकेकीच्या हातावर ठेवत गेल्या. पहिली बाई तळहाताकडं बघून म्हणाली, काकी, चुकलं तुमचं, हे जास्त हायत. आत्याबाई म्हणाल्या, चुकलं न्हाई. तीन रुपये. आजपासनं आमच्या खळ्यावर हाच रोज.

मामंजी उठून आले. हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू गेलंच. "मला इचारलं न्हाईस."

"आवं, खळं तुमी कवा बघता?" आत्याबाई वर न बघता म्हणाल्या. "तुमी सांगली बघता." आणि हाताचे तळवे त्यांच्यापुढं धरले.

मागं कुणी तरी हसू दाबलं. मामंजी त्या तळव्यांकडं बघत राहिले. मी त्यांना एवढी वर्षं बघितलं, पण तेव्हा त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला आजही सांगता यायचं नाही.

हरणाबाईनं पदराची गाठ सोडली. ओंजळीत आजच्या तीन रुपयांशी सगळं एकत्र केलं, पाच भरले, ते रामाच्या पायरीवर ठेवले आणि डोकं टेकलं. मामंजींनीच मग नारळ उचलला आणि फोडला. अर्जुनानं ज्ञानूकडं बघून मान हलवली. वीणा गळ्यातून काढताना त्याचा हात कोपरात सरळ होईना, ज्ञानूनं आणि बुवांनी मिळून ती काढली. ज्ञानू त्याच्या पाया पडला. वयानं ज्ञानू थोरला होता, तरी पडला. हरणाबाईनं नवऱ्याला ओट्यावर बसवलं आणि समईतलं तेल बोटावर घेऊन त्याचा खांदा चोळायला लागली. चोळता चोळता तिनं पाळणा सुरू केला. जन्म होऊन अर्धा दिवस उलटला होता. पण राम उठून बसला असता तरी कुणी तिला थांब म्हटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी काल्याच्या कीर्तनात बुवांनी पहिल्यांदा अर्जुनाकडं वळून हात जोडले, मग गावाकडं. काल मी ज्याचं दान होतं त्याचं नाव घ्यायचं सोडून ज्याची लाज होती त्याचं घेतलं, म्हणाले. मग एक गोष्ट सांगितली. एका नावाड्याची. राजा मनानं चांगला, त्यानं नावेवरचा कर सोडला. नावाडी राजाच्या पाया पडला. पण पैलतीरी उतरणारी माणसं भाड्यापोटी तेच मूठभर धान्य टाकत राहिली, आणि नावाडी वल्हं मारता मारता वाळत गेला. एके दिवशी नावेत देव येऊन बसला, प्रवाशाच्या रूपात. मध्यधारेत नावाड्याचे हात गळाले, तेव्हा देवानं वल्हं घेतलं. पैलतीराला लागल्यावर देवाच्या हाताला फोड आले होते. तेव्हापासून म्हणे देव नावाड्याला भाडं देताना घासाघीस करत नाही. बुवांनी हे सांगताना वल्ह्याचा असा ठेका धरला की अख्खं देऊळ डुलत होतं. आत्याबाई मात्र मान खाली घालून, आपले हात पदराखाली घेऊन बसल्या होत्या.

घरी जेवताना ह्यांनी म्हटलं, बघा आबा, बुवासुद्धा माझ्याच बाजूचे. मामंजी म्हणाले, अरं, राजानं कर सोडला तो वाईट केला असं कुठं म्हणाले बुवा? नावेत एखादी धोंडुबाई बसली असती तर? आणि परत सुरू झालं.

धोंडुबाईची पट्टी माफच राहिली. तिला त्यात काही लाज वाटली नाही. मला म्हणाली, ज्याच्या हातात वल्हं न्हाई त्यानं माफीत बसावं गं बाई.

पुढं सगळं गोडच झालं असं मी सांगत नाही. आमचं बघून गावातल्या निम्म्या खळ्यांनी रोज वाढवला, निम्म्यांनी आत्याबाईंना नावं ठेवली. एकदोघांनी मामंजी म्हणाले होते तसंच केलं, बाया कमी लावल्या. लीलाबाई त्यात गेली. ती सांगलीला वखारीत हळद निवडायला लागली. सणाला यायची तेव्हा हातात नव्या बांगड्या असायच्या आणि तोंडावर थकवा. बरं हाय का म्हटलं तर म्हणायची, हाय की. त्या 'की'मध्ये काय होतं ते मी कधी खोदून विचारलं नाही. पुढच्या सालापासून मामंजींनी उंबऱ्याची पट्टी मोडली आणि जमिनीवर बांधली, ज्याचं रान जास्त त्याची पट्टी जास्त. पंचांत सगळ्यांत जास्त त्यांचीच बसली. ज्यांना जमीन नाही त्यांनी मनाला येईल ते द्यावं, असं ठरलं. हरणाबाई तरी पाचच द्यायची. पहिल्या दिवशी, पहिली.

मामंजी गेले, आत्याबाई गेल्या, आकारामबुवांचाही आवाज कधीच शांत झाला. आमच्या ह्यांना आता ऐकू कमी येतं, पण पेपरात मजुरीचं नाही तर कराचं काही आलं की मोठ्यानं वाचून दाखवतात आणि रिकाम्या पाटाकडं बघतात. त्या पाटावरनं उत्तर येत नाही. मग मीच मामंजींच्या बाजूनं दोन शब्द बोलते. घर भरल्यासारखं वाटतं.

हरणाबाईच्या लेकीला त्याच वैशाखात बघायला आले होते. मी पोह्यांना हातभार लावायला गेले होते. पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्यानं दारातच विचारलं, हे घर कुणाचं म्हणायचं? अर्जुना उत्तर देणार तेवढ्यात आतून हरणाबाईचाच आवाज आला. पाळण्याच्या वेळी निघायचा तसा, खणखणीत.

"रामजन्माच्या पहाऱ्याचं. या, बसा."